‘फ्लेमिंग जून’ क्रॉस स्टिचमध्ये उतरवताना

फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकला, रुंदी किती फुल्यांची हवी ते सांगितलं की दोन मिनिटांत क्रॉस स्टिचचा चार्ट, म्हणजे कुठल्या चौकोनात कुठल्या रंगाची फुली घालायची तो नकाशा, तयार होतो हे खरंय. पण तो चार्ट भरायला घेण्यासारखा असतो का? फुलं, पक्षी, कौलारू घर असं काही असेल तर चालून जातं, पण एकोणिसाव्या शतकातलं माणसाचं चित्र असेल, म्हणजे ते झिरझिरीत कपडे, मोकळे केस, गालावरची लाली, अर्धवट सावलीतला हात, तर सॉफ्टवेअरवर सोडून अजिबात भागत नाही, चौकोन न् चौकोन स्वतः बघावा लागतो. मी फ्रेडरिक लेटनचं ‘फ्लेमिंग जून’ असं उतरवलं आणि भरलं, त्यात काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहितेय, कारण मॅटीवर वर्षानुवर्षं सुंदर भरणाऱ्या पण स्वतःचा चार्ट करायला न धजावणाऱ्या बऱ्याच जणी माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांनी हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

चित्र ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1895 चं ऑइल पेंटिंग, चौरस, एकेक बाजू साधारण 120 सेंटीमीटर. संगमरवरी बाकावर अंगाचं मुटकुळं करून झोपलेली बाई, अंगावर केशरी रंगाचं इतकं तलम कापड की आतली कातडी दिसते, मागे उन्हात चकाकणारा समुद्र आणि वर उजव्या बाजूला कण्हेरीची फांदी. लेटन 1896 च्या जानेवारीत वारला, म्हणजे हे त्याच्या अगदी शेवटच्या कामांपैकी. पुढे व्हिक्टोरियन चित्रांना कोणी विचारेनासं झालं, हे चित्रही लोकांच्या नजरेआड गेलं, आणि 1963 मध्ये लुईस फेरे यांनी ते लंडनमध्ये 2000 पौंडांना विकत घेऊन पोर्तो रिकोतल्या पोन्से गावच्या आपल्या म्युझियमसाठी नेलं. झोपण्याची ती पोज मायकेलअँजेलोच्या फ्लॉरेन्समधल्या ‘नाइट’ या शिल्पाशी जोडतात, आणि शिल्पाचा फोटो शेजारी ठेवून बघितलं की त्या भल्यामोठ्या मांडीचा आकार आणि तिच्यावरचा उजेड कसा वळतो ते नीट कळतं. हे मी चित्रकलेच्या हौसेपोटी सांगत नाहीये, चार्ट साफ करताना त्या फोटोचा मला फार उपयोग झाला, पुढे सांगतेच.

चित्र निवडतानाच अर्धी लढाई असते. मनात आधी वॉटरहाउसचं 1888 चं ‘द लेडी ऑफ शॅलॉट’ होतं आणि मिलेचं 1851-52 मधलं ‘ओफेलिया’ पण होतं. दोन्ही लंडनच्या टेटमधली, दोन्ही अप्रतिम. पण ‘ओफेलिया’त काठावरची पानं न् गवत इतकं आहे की निम्मं कापड हिरव्या-करड्या सुट्या ठिपक्यांनीच भरायचं, आणि ‘शॅलॉट’ मुळात दोन मीटर रुंद आहे. ते 300 फुल्यांत बसवलं तर एक सेंटीमीटरला दीड फुली येते, म्हणजे तिच्या डोळ्याला जेमतेम चार-पाच फुल्या. त्या चित्राचा सगळा जीवच तिच्या नजरेत आहे, अर्धवट उघड्या ओठांत आहे. चार फुल्यांत ती नजर येत नाही, काहीही केलं तरी येत नाही. मग एकतर चार्ट अवाढव्य करा नाहीतर फक्त खांद्यापासून वरचा भाग कापून घ्या, आणि तसा कापला तर ती होडी, तो पडदा, त्या मेणबत्त्या सगळं जातं.

म्हणून माझं असं ठरलंय की चित्र कितीही आवडलं तरी पहिल्यांदा चेहरा मोजायचा. मूळ चित्राची रुंदी माहीत असते, फोटोत चेहरा रुंदीच्या कितवा भाग आहे ते पट्टीने काढायचं, आणि चेहऱ्याला उंचीत निदान 30-35 फुल्या मिळत असतील तरच पुढे जायचं. ‘फ्लेमिंग जून’मध्ये 280 बाय 280 केलं तर चेहरा साधारण तेवढ्यात बसतो, आणि डोळे मिटलेले आहेत! बुबुळ नाही, डोळ्यातली चमक नाही, दोन्ही बाजूंना सारखं बघतेय का ही भानगडच नाही. शिवाय लेटन मोठमोठे शांत पट्टे रंगवतो, चिल्लर तपशील कमी, त्यामुळे हे चित्र फुल्यांसाठीच केल्यासारखं वाटतं. 280 बाय 280 म्हणजे 78,400 फुल्या, 16 काऊंटच्या आयडावर, म्हणजे इंचाला 16 घरं असलेल्या भरतकामाच्या कापडावर, साडेसतरा इंच, सगळीकडून तीन-तीन इंच जास्तीचं धरून साडेतेवीस इंचाचा चौरस तुकडा. 14 काऊंटवर तेच वीस इंच होतं आणि केशरी रंगाचा पट्टा जरा विरळ दिसतो, 18 वर छान दिसतं पण माझ्या डोळ्यांना रात्री झेपत नाही, म्हणून 16 आणि धाग्याचे दोन पदर.

हक्कांचं काय असं बऱ्याच जणी विचारतात. आपल्याकडे चित्रकार वारल्यानंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे लेटन, वॉटरहाउस, मिले, रविवर्मा सगळे मोकळे आहेत. पण आजच्या एखाद्या डिजिटल आर्टिस्टचं परीराणीचं चित्र उचलून चार्ट करू नका, विचारून करा, आणि दुसऱ्या कोणी या जुन्या चित्रांवरून बनवलेला चार्ट विकायला असेल तर तो चार्ट त्यांचा आहे, त्याच्या कॉप्या वाटू नका.

इमेज शोधताना कळलं की नेटवर या एका चित्राचे दहा रंग आहेत. कुठे भगवं, कुठे पिवळट, कुठे तर लालभडक. ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकाने 1895 च्या ख्रिसमसलाच याची रंगीत छापील प्रत काढली होती आणि तेव्हापासून आजपर्यंत पोस्टर, कॅलेंडर, कॉफीचे मग यांवर एवढ्या वेळा छापलं गेलंय की प्रत्येकाने आपापलं केशरी लावलंय. मी म्युझियमच्या फोटोवरून आलेली मोठी इमेज घेतली, आणि रंग बरोबर आहेत का हे तपासायला संगमरवराकडे बघितलं. केशरी बघून काही कळत नाही, पण दगड जर पिवळा किंवा निळा दिसत असेल तर अख्खी इमेजच तिकडे झुकलेली असते.

आता खरा मुद्दा, तो केशरी पोशाख. सॉफ्टवेअरने पहिल्या फटक्यात डीएमसी या कंपनीच्या धाग्यांतले 740, 741, 947, 608 या नंबरांचे झगझगीत रंग दिले, स्क्रीनवर झकास, आणि लड्या हातात घेतल्या तर सिग्नलच्या दिव्यासारखे. लेटनचं केशरी असं नाहीये, त्यात माती आहे, गेरू आहे. मी पोशाखाचा गाभा 3853, 3854, 3855 या पिकल्या सोनेरी घराण्यात ठेवला, सावलीला 921, 920, 919 हे तांब्याचे रंग, मधल्या घड्यांना 976, 977, 3827, आणि उन्हाच्या कडांना 745. 740 एकदम काढला नाही, जिथे घडी सगळ्यात जास्त पेटलेली दिसते तिथेच ठेवला, आणि तो थोडासाच असल्यामुळे बाकीचं कापड जिवंत दिसतं.

दुकानात हे निवडायला उभी होते तेव्हा दुकानदार दादा म्हणाले, “ताई, हे सगळे केशरी सेमच दिसतात, दोन कमी घेतले तरी चालतील.” मी सगळ्या लड्या उचलून दाराशी, उजेडात नेल्या, ओळीने मांडल्या, आणि मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून त्यांना दाखवला. दोन लड्या खरंच करड्याच्या एकाच छटेत आल्या, त्यातली एक परत केली. बाकीच्या पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या दिसल्या. दादा म्हणाले, “हे भारीये, मी पण करत जाईन.” ही ट्रिक खरंच करून बघा. अशा चित्रांत रंगापेक्षा गडद-फिकट बरोबर असणं महत्त्वाचं, गडद-फिकट चुकलं की कापडाची घडी सपाट होते. आणि एक, आपल्याकडे अँकर कंपनीचा धागा सहज मिळतो, डीएमसी बहुतेक ऑनलाइन मागवावा लागतो, तर अँकरवर करायचं असेल तर एका कंपनीचा नंबर दुसरीच्या कुठल्या नंबराला जुळतो ते सांगणाऱ्या कन्व्हर्जन चार्टवर डोळे मिटून विश्वास टाकू नका, एक-दोन नंबर जुळतात न् तिसरा भलतीकडे जातो. एक अख्खं घराणं एकाच कंपनीचं घ्या. त्वचा अँकर आणि पोशाख डीएमसी चालेल, पण पोशाखातच दोन्ही मिसळू नका.

सगळ्यात अवघड काय असेल तर ते झिरझिरीत कापड. कापडातून मांडी दिसते, दंड दिसतो, तिथे रंग ना धड केशरी ना धड कातडीचा. अख्खं चित्र एकदम सॉफ्टवेअरला दिलं की ते बिचारं जवळचा रंग शोधतं, आणि मग उघड्या दंडावर पोशाखातला केशरी येतो न् पोशाखातून दिसणाऱ्या मांडीवर चेहऱ्याचा गुलाबी. कावीळ झाल्यासारखी दिसते ती बाई. मी चित्राचे तुकडे पाडले. पोशाख वेगळा, उघडी त्वचा वेगळी, केस आणि मागचं गडद कापड वेगळं, समुद्र न् दगड वेगळा, कण्हेर वेगळी. प्रत्येक तुकड्याला त्याचेच रंग दिले, बाकीचे बंद केले, डिदरिंग, म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून मधली छटा भासवणं, ते तर सगळीकडे बंद, आणि मग तुकडे परत एकत्र जोडले. त्वचेला 948, 754, 758, 3778, आणि सावलीला 950, 3064, 407. कापडातून दिसणाऱ्या अंगासाठी मी मुद्दाम चार रंगांचं छोटं घराणं वेगळं ठेवलं, 3856, 402, 3825, 722, हे रंग ना उघड्या हातावर वापरायचे ना कोऱ्या कापडावर. एवढ्या एका गोष्टीने कापड झिरझिरीत दिसायला लागलं. मी स्क्रीनवरच बघून खुश झाले होते, पण भरल्यावर तर मांडीच्या तिथे सगळेजण बोट लावून बघतात की वर खरंच काही पातळ कापड लावलंय का.

रंग एकूण 46 झाले. सॉफ्टवेअर 90 देत होतं. 90 रंगांनी चित्र जास्त हुबेहूब होतं असं नाही बरं का, निम्मे रंग पाच-पाच दहा-दहा फुल्यांपुरते असतात आणि त्यांच्यामुळेच ती कन्फेटी होते, म्हणजे सुट्ट्या सुट्ट्या एकेकट्या फुल्या इकडेतिकडे विखुरलेल्या. कन्फेटी भरायला वैताग असतो हे तर आहेच, मागे धाग्यांचं जंजाळ होतं, पण माझा त्यावरचा राग वेगळ्या कारणाने आहे. लेटनने ती मांडी एका लांब शांत वळणात रंगवलीये आणि आपण तिच्यावर पुरळ उठवतो! म्हणून मी प्रिंट काढली, पेन्सिल घेतली, शेजारी ‘नाइट’चा फोटो ठेवला, उजेड कुठून येतो न् आकार कुठे वळतो ते बघत एकेक सुटी फुली शेजारच्या रंगात मिळवत गेले. घड्यांमध्ये फुल्यांच्या पायऱ्या घडीच्या दिशेने जायला हव्यात, सॉफ्टवेअर त्या आडव्या-उभ्या कापतं, त्या तिरप्या करून घेतल्या. हे काम मी घाईत केलं नाही आणि कोणी करूही नये, पावसाळाभर संध्याकाळी तेच चालू होतं.

बर्लिनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लोकरीच्या भरतकामासाठी चौकटीच्या कागदावर नमुने छापायचे आणि त्यातला एकेक चौकोन हाताने रंगवायचे, तिथून ते इंग्लंडभर गेले, आणि लँडसीअर या चित्रकाराच्या चित्रांवरून केलेले नमुने तर घराघरांत भरले गेले. म्हणजे गाजलेलं चित्र चौकोनांत उतरवणं हे लेटनच्या काळातच सुरू होतं. कोणीतरी हातात ब्रश घेऊन ठरवायचं की या चौकोनात गालाचा रंग येणार की सावलीचा. ते ठरवणं आता कॉम्प्युटरवर गेलंय, पण कॉम्प्युटरला हा गाल आहे हे माहीत नसतं, म्हणून ते काम आपल्याकडेच येतं.

पापणीबद्दल जरा सविस्तर लिहिते. मिटलेला डोळा म्हणजे एका बारीक गडद रेषेचं वळण. सॉफ्टवेअरने तिथे पाच वेगवेगळे तपकिरी टाकले होते आणि पापणीच्या मध्येच एक राखाडी चौकोन. तो एक चौकोन! त्याच्यामुळे ती डोळा किलकिला करून बघतेय असं वाटत होतं, अख्ख्या चित्राची झोप मोडली होती. मी सगळं पुसून पापणीच्या फुगीर भागाला 758, खाली कडेला 3778, आणि रेषेच्या जागी 407 च्या फुल्यांची ओळ केली, जी दोन्ही टोकांना एकेक घर वर चढते. मग त्यावर 632 चा एक पदर घेऊन बॅकस्टिच, म्हणजे फुल्यांवरून रेषेसारखा टाका, तोही फक्त बाहेरच्या निम्म्या भागावर. पूर्ण भरलेल्या कामात बॅकस्टिच घेऊच नये असं मानणारे खूप आहेत आणि एरवी मलाही तसंच वाटतं, पण पापणी आणि नाकपुडी या दोन जागी एक पदरी रेषेने जो नेमकेपणा येतो तो फुलीने येत नाही. चेहरा मी आधी वेगळ्या छोट्या तुकड्यावर भरून बघितला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून, डोळे बारीक करून, मोबाईलवर फोटो काढून. माझी मावशी आली होती, ती म्हणाली, “डोळा मिटलेलाच आहे ना गं, मग त्यात एवढं काय बघायचंय?” मी तिला आधीचा चार्ट आणि हा असे दोन्ही दाखवले, तर लगेच म्हणाली, “अगं हो, ती जागीच आहे की!” तुकड्यावर पटलं की मगच मोठ्या कापडाला हात लावायचा, चेहऱ्याच्या बाबतीत हे पाळाच.

कण्हेरीला वेगळाच न्याय लावावा लागला. या चित्रावर लिहिणारे ती फांदी विषारी म्हणून आवर्जून दाखवतात, झोप आणि मरण यांचं नातं वगैरे. सॉफ्टवेअरला ती फक्त हिरवट-गुलाबी ठिपक्यांचा ढीग दिसते. पण आपल्याकडे हायवेच्या डिव्हायडरवर मैलोन्‌मैल कण्हेर असते, पान कसं लांब, अरुंद, टोकदार असतं आणि तीन-तीनच्या झुबक्यात येतं ते आपल्याला पाठ आहे. मी ढीग काढून टाकला आणि एक घर जाडीची, सहा-सात घरं लांब तिरपी पानं हाताने काढली. मूळ चित्राबरहुकूम पानन् पान नाही जुळत, पण लांबून बघणारा लगेच कण्हेर म्हणतो.

समुद्राला मात्र हात लावला नाही. तिथे पाण्यावर ऊन फुटलंय, चमचम आहे, तिथे कन्फेटी हवीच. वरच्या त्या पट्ट्यात सुट्या फुल्या, खाली सगळं शांत, असं झालं म्हणून बाई जास्त गाढ झोपलेली दिसते.

बाकीचं नेहमीचंच, पटकन सांगते. चार्ट छापताना शेजारशेजारच्या केशरी रंगांना सारखी दिसणारी चिन्हं देऊ नका, एकाला भरीव त्रिकोण तर दुसऱ्याला आकडा असं काहीतरी ठळक वेगळं द्या. कापडावर दहा-दहा घरांच्या रेषा मी पुसल्या जाणाऱ्या पेनने न मारता बारीक शिवणदोऱ्याने टाकते, कारण काही पेनांच्या खुणा इस्त्रीच्या उष्णतेने पक्क्या बसतात. रिंगऐवजी फ्रेम घ्या, एवढं दाट भरलेलं काम रिंगमध्ये दाबलं की वळ उठतात. वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला, हे तर शाळेतल्या शिवणाच्या बाईंपासून ऐकतोय, पण या पोशाखात ते फार दिसतं, एक पट्टा उलटा गेला तर उजेडात रंगच वेगळा वाटतो. धाग्याचा अंदाज असा की 14 काऊंटवर दोन पदरांनी आठ मीटरच्या लडीत साधारण 1600 ते 1800 फुल्या होतात, 16 वर थोड्या जास्त, त्यावरून प्रत्येक रंगाच्या किती लड्या लागतील ते काढा आणि पोशाखाच्या मुख्य रंगांच्या सगळ्या लड्या एकदमच घ्या, नंतर आणलेल्या लडीची छटा किंचित वेगळी निघू शकते.

झाल्यावर गार पाण्यात धुतलं, पिळलं नाही, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपलं आणि उलट्या बाजूने इस्त्री. तांबूस धाग्यांचा रंग जातो का ते मी आधीच ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघितलं होतं. फ्रेमवाल्या काकांना सांगितलं की चिकटवायचं नाही, मागून दोऱ्याने बोर्डावर ताणून घ्यायचं, आणि काच टाक्यांना टेकता कामा नये. त्यांनी मध्ये माउंटची पट्टी देऊन मस्त करून दिलं.

आता रविवर्म्याची ‘हंस दमयंती’ घेतलीये, 1899 ची. चेहरा मोजून झाला, बसतोय. तिथे नवा प्रश्न आहे जरीच्या काठाचा, आणि जिला तिला सांगावं ती म्हणते मेटॅलिक धागा लाव. रविवर्मा प्रेसच्या छापील चित्रांवर लोक हौसेने खरी जर न् टिकल्या चिकटवायचे, ती चित्रं आजही बघायला मिळतात आणि मला फार आवडतात, तिथे ते शोभतंच. पण मूळ ऑइलमध्ये सोनं नाहीये, पिवळ्या-तपकिरी रंगांनी सोन्याचा भास केलाय, सावलीत काठ जवळजवळ तपकिरी होतो न् उजेडात पांढरट पिवळा. मेटॅलिक धागा सावलीतही तेवढाच चमकतो, मग पदराची घडी मरते. म्हणून मी 3829, 783, 3820 आणि अगदी कडेला 3823 एवढ्यावर काठ उभा राहतो का ते तुकड्यावर भरून बघतेय, आत्तापर्यंत जेवढं झालंय त्यावरून राहील असं दिसतंय.